एका लिटरला एक माप

१४ जानेवारी २००१, रविवार

आजपासून तारीखवार लिहून ठेवतो आहे. डायरी गेल्या वर्षीची, ऑफिसात उरलेली, कव्हरवर जुन्या राज्याचं नाव. वार चुकीचे छापलेले आहेत, ते खोडून बरोबर करीन. पुढेमागे प्रकरण कोर्टात गेलं तर कोणी काय केव्हा केलं हे माझ्याकडे लेखी पाहिजे. बावीस वर्षं सरकारी कारकुनी केली, तिचा एवढा तरी उपयोग व्हावा.

प्रकरण असं. माझा धाकटा भाऊ श्रीपाद भोपाळला सिंचाई खात्यात ड्राफ्ट्समन. नोव्हेंबरात नवं राज्य झालं, रायपूर राजधानी झालं, आणि इथं माणसं कमी पडतात म्हणून त्याला तात्पुरतं पाठवलं. सत्तावीस वर्षांत दिवाळीलासुद्धा मोजून चार वेळा आलेला माणूस बॅग घेऊन दारात उभा. तात्यापाऱ्यातलं हे घर अजून अण्णांच्या, म्हणजे आमच्या वडिलांच्या नावावर आहे. त्यांना जाऊन अकरा वर्षं झाली, नाव बदलायचं राहून गेलं. आम्ही दोघंच वारस. हे त्यालाही ठाऊक आहे.

आज संक्रांत. तिळगूळ खाऊन झाला आणि हा सरळ मागच्या ओसरीत गेला. तिथे अण्णांची राजदूत मोटरसायकल चौऱ्याहत्तर सालापासून ताडपत्रीखाली उभी आहे. तिला कोणी हात लावायचा नाही, असा घरात रिवाजच पडला आहे. यानं ताडपत्री ओढून काढली. सीटमधून उंदराचं घरटं निघालं.

"दादा, हिले चालू करून पाहतो. रविवार रविवार करीन. चालते ना तुले?"

मी म्हटलं, कर. दुसरं काय म्हणणार? पण ऑफिस दीड किलोमीटरवर आहे, घरात सायकल आहे. इतक्या वर्षांनी बंद पडलेलं इंजिन उकरून काढायचं कारण काय?

१७ जानेवारी, बुधवार

सकाळी श्रीपाद टेप घेऊन अंगण मोजत होता. मागचं दार मोजलं, ओसरीची पायरी मोजली, अंगणाची लांबी-रुंदी घेतली, आणि खिशातल्या वहीत आकडे टिपले. मी सहज विचारल्यासारखं विचारलं. म्हणाला, "गाडी बाहेर काढाले उतार करा लागेल, पायरी अडते."

उताराला अंगणाची रुंदी कशाला लागते? नोंद केली.

२१ जानेवारी, रविवार

टाकी काढली, चाकं काढली. इंदूची, म्हणजे माझ्या बायकोची, पुरणाची परात मागून घेतली आणि तिच्यात नट-बोल्ट मांडले. इंदूनं ती हसत दिली. मी मागितली असती तर दहा प्रश्न विचारले असते.

पिस्टन जाम आहे. प्लगच्या भोकातून आत डिझेल ओतून ठेवलं. आठ-पंधरा दिवस मुरू द्यायचं, मग सुटतो म्हणे. हात पुसता पुसता सहज म्हणाला, "दादा, गाडीचं आरसी बुक कुठं आहे? अन् अण्णाच्या मृत्यूचा दाखला लागेल."

मोटरसायकलला मृत्यूचा दाखला. मी म्हटलं, शोधावा लागेल. तो माझ्याच कपाटात आहे.

"आरसी माळ्यावरच्या ट्रंकेत असंल. पाहू का?"

मी म्हटलं, माळ्यावर फार धूळ आहे, तुला दमा आहे, तू चढू नको. दमा त्याला दहाव्या वर्षापर्यंत होता. खरं म्हणजे त्या ट्रंकेत माझी एक वस्तू आहे. ती हलवली पाहिजे. पण मी स्टुलावर चढलो की इंदू विचारणार, काहून. सवडीनं बघू.

२८ जानेवारी, रविवार

इंदूशी बोलून पाहिलं. टेप, दाखला, सगळं क्रमवार सांगितलं. तिनं पोळी लाटणं थांबवलंही नाही.

"तुम्ही काहून असे करून राहिले? भावजींची शर्मिष्ठा जाऊन तीन वर्षं झाली. लेकरू नाही, बाळ नाही. कोणासाठी घेतील भावजी घर?"

"माणसाच्या मनात काय असते, तुले काय माहीत."

"तुमच्या मनात काय असते ते तेवढं माहीत आहे मले," ती म्हणाली, आणि दुसरी पोळी घेतली.

म्हणजे इंदू त्या बाजूला गेली. आमची मुलगी मीनल तर केव्हाच गेली. कॉलेजातून आली की पहिला प्रश्न, "काका, आज क्या खोला?" माझ्या टेबलावर आज काय आलं हे तिनं जन्मात विचारलेलं नाही.

४ फेब्रुवारी, रविवार

पिस्टन सुटला. श्रीपाद मागचं चाक बसवून गाडी गिअरमध्ये हलवत राहिला, आणि साडेदहाच्या सुमाराला कर्रकन आवाज होऊन इंजिन फिरलं. मीनलनं टाळ्या वाजवल्या. मग पाऱ्याच्या, म्हणजे मोहल्ल्याच्या, टोकावरच्या तुळशीराम मिस्त्रीला बोलावून सिलेंडर उतरवला.

मी वर्तमानपत्र घेऊन दारातच बसलो होतो. तुळशीरामनं पिस्टन उन्हात धरला. एका बाजूनं वरपासून खालपर्यंत ओरखडे, धातू वितळून फासल्यासारखा.

"कोनो बिन ऑइल के चलाए हे," तो म्हणाला.

ज्याला हे ठाऊक नाही त्याच्यासाठी, म्हणजे कोर्टासाठी, लिहितो. या जुन्या गाड्यांना इंजिनचं ऑइल पेट्रोलमध्येच मिसळून घालावं लागतं. एका लिटरला एक माप. अण्णांचं ॲल्युमिनियमचं छोटं माप होतं, औषधाच्या कपाएवढं. ऑइल न घालता नुसत्या पेट्रोलवर चालवली तर पिस्टन तापून सिलेंडरला चिकटतो.

तुळशीरामनं विचारलं, त्या वेळी गाडी कोण चालवायचं. श्रीपादनं पिस्टन हातात घेतला, बोटानं ओरखडे चाचपले. माझ्याकडे पाहिलं नाही. "बहुत पुरानी बात है, मिस्त्री. नया पिस्टन मिलेगा क्या?"

"हव, मिल जाही."

विषय बदलला. सरळ माणूस विषय का बदलेल? माझं डोकं दुखायला लागलं, मी आत जाऊन पडलो.

११ फेब्रुवारी, रविवार

आज घात झाला असता. भाजी घेऊन परत आलो तर माळ्याखाली स्टूल, आणि श्रीपाद धुळीनं माखलेला, हातात आरसी बुक. "सापडलं, दादा. दमा-बिमा काही झाला नाही," म्हणाला आणि हसला. तो अंघोळीला गेला तेव्हा मी वर चढलो. इंदू शेजारी गेली होती.

ट्रंकेच्या तळाशी, रजईखाली, माझा जुना लोकरी मोजा जागच्या जागी होता. वरून चाचपला. आत कडक लागलं. गाठीला दोन वेढे होते. मला एकच मारल्यासारखा वाटत होता, पण सत्तावीस वर्षांपूर्वीची गाठ कोणाला आठवते? मोजा तिथंच ठेवला. त्यानं ट्रंक पाहिली आहे, आता वस्तू नाहीशी झाली तर तेच संशयाला कारण होईल.

१२ फेब्रुवारी, सोमवार

लिहायचं नव्हतं. पण अर्धवट नोंदीला फायलीत किंमत नसते, हे मीच नव्या पोरांना शिकवतो. तेव्हा लिहितो.

अण्णा रेल्वेत गार्ड होते. चौऱ्याहत्तरच्या एप्रिलमध्ये ते दुपारचे झोपलेले असताना मी न विचारता मोटरसायकल काढली. मी वीस वर्षांचा, श्रीपाद सतरा. मित्रांबरोबर महादेव घाटावर गेलो. परतताना पेट्रोल संपलं, पंपावर दोन लिटर भरलं. ऑइलचं माप मी आठवणीनं खिशात घालून नेलं होतं. पण मित्र पुढे निघाले, हाका मारत होते, आणि माप खिशातच राहिलं. अर्ध्या वाटेत गाडी कण्हली आणि बंद पडली. थंड झाल्यावर सुरू झाली. मी घरी आणून लावून टाकली. कोणाला काही बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा तीच गाडी घेऊन ड्यूटीला निघाले. फाफाडीहजवळ इंजिन धरलं, मागचं चाक जागीच थांबलं. अण्णांचं खुब्याचं हाड मोडलं. पुन्हा लाइनवर गेले नाहीत. रिटायर होईपर्यंत टेबलावर बसून, लंगडत.

दर रविवारी पेट्रोल भरायचं काम श्रीपादचं होतं. खाटेवरून अण्णांनी विचारलं, माप कुठं आहे? माप घरात कुठंच सापडलं नाही; ते माझ्या मोज्यात होतं. अण्णा म्हणाले, माप हरवलं आणि पोट्ट्यानं तसंच ओतलं. श्रीपाद दोनदा म्हणाला, "मी नाही." मग त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी फरशीकडे पाहिलं. जूनमध्ये त्याला भोपाळला काकांकडे पाठवलं. अण्णा त्याच्याशी शेवटपर्यंत "बरा आहेस ना" यापलीकडे बोलले नाहीत.

झालं लिहून. बीपीची गोळी घेतली.

तर आता तो इंजिन का उघडतो आहे, हे उघड आहे. त्याला पुरावा पाहिजे. पिस्टन समोर ठेवून म्हणेल, तुझ्यापायी मी घराबाहेर राहिलो, आता घर माझं. मी त्याच्या जागी असतो तर हेच केलं असतं.

२० फेब्रुवारी, मंगळवार

आमचं मंत्रालय जुन्या दवाखान्याच्या इमारतीत भरतं. माझं टेबल जिथं आहे तिथं पूर्वी मलमपट्टी व्हायची, दारावर "पुरुष वार्ड" अजून खोडलेलं नाही. खिडकीतून रस्ता दिसतो. दुपारी श्रीपाद खाली जाताना दिसला, काखेत फाइल. मी नत्थू चपराशाला दाढ दुखते म्हणून सांगितलं आणि मागे निघालो.

कचहरी चौकात तो झाडाखालच्या टायपिस्टजवळ बसला. वीस मिनिटं. मी पलीकडे उसाच्या रसाच्या गाड्यामागे उभा राहून तीन ग्लास रस प्यालो. मग तो नोटरीच्या टपरीत शिरला. तिथून रिक्षानं गोल बाजार. कापडगल्लीत त्यानं काळं रेक्झिन बोटांत धरून पाहिलं, मग दुसरं पाहिलं. मी भांड्यांच्या दुकानात पितळी गुंड-हंड्यांच्या आड होतो. दुकानदारानं दोनदा विचारलं, भैया, लेना क्या है.

वळून पाहतो तर श्रीपाद शेजारी उभा. "अरे दादा, तू पण आला का? सांग बरं, सीटले कोणतं घेऊ? अण्णाचं चकचकीत होतं का असं मळकट?"

"चकचकीत," मी म्हटलं.

त्यानं चहा पाजला. मी दाढ दुखते म्हणून गार करून प्यालो. नोटरीबद्दल अवाक्षर बोलला नाही.

४ मार्च, रविवार

नवीन पिस्टन बसला. सिलेंडर आतून कातून आणला आहे. टाकीत बारीक गिट्टी आणि रॉकेल घालून काका-पुतणी दोन तास हलवत होते, आतून लाल गंजाचं पाणी निघालं. पाहवत नव्हतं, म्हणजे बरं वाटत होतं आणि म्हणूनच पाहवत नव्हतं.

संध्याकाळी श्रीपाद माझ्या खोलीत आला. कर्मचाऱ्यांची दोन राज्यांत वाटणी चालू आहे. त्याचं नाव भोपाळच्या यादीत आहे. ज्याला बदलून पाहिजे त्यानं एकतीस मार्चच्या आत अर्ज द्यायचा, त्याला इथं अभ्यावेदन म्हणतात. त्यानं लिफाफा माझ्या हातात दिला, उघडाच.

"तू तिथंच बसतो ना. आवक खिडकीवर तुझ्याच हातानं दे. मी दिलं तर कुठं जाऊन पडते काय माहीत."

"इतकं काय आहे रायपुरात?" मी विचारलं.

"काही नाही गा. तिकडे संध्याकाळी कुलूप उघडतो तर आवाज नाही होत घरात." मग दाराकडे वळला. "इथं वहिनी ओरडते, मीनल ओरडते. बरं वाटते."

तो गेल्यावर मी अभ्यावेदन वाचलं. कारणाच्या रकान्यात त्याच्या सुबक अक्षरात एकच ओळ: पैतृक मकान रायपुर में है। लेखीच दिलं की. वडिलोपार्जित घर. सगळ्यांनी असंच लिहिलं असेल, असं इंदू म्हणेल, म्हणून तिला दाखवलं नाही.

११ मार्च, रविवार

होळी झाली. श्रीपादच्या टेबलावर फाइल उघडी होती. तो आणि मीनल ओसरीत चेसिसच्या नंबरावर कागद ठेवून पेन्सिलनं घासत होते, नंबर कागदावर उमटतो. मी फाइलजवळ गेलो. वर स्टॅम्प पेपर. अर्धा दुसऱ्या कागदाखाली होता, दिसलं तेवढं असं: "स्व. यशवंतराव के वारिस... पर अपना हक..." खाली नोटरीचा शिक्का. कागद सरकवणार तेवढ्यात मीनल पाणी प्यायला आली.

"बाबा, काका की फाइल में क्या ढूँढ रहे हो?"

"पेन," मी म्हटलं.

कपाट पाहिलं तर मृत्यूचा दाखला जागेवर नाही. इंदूला विचारलं. "भावजींनी मागितला, म्या दिला. तुम्ही तर दोन महिने शोधून राहिले होते."

आता शंकेला जागा नाही. पिस्टन त्याच्याकडे, दाखला त्याच्याकडे, हक लिहिलेला स्टॅम्प पेपर त्याच्याकडे. राहता राहिलं इथं कायम होणं, आणि ते माझ्या ड्रॉवरमध्ये आहे.

२६ मार्च, सोमवार

गुढीपाडवा. गाडी चालू झाली.

खरं सांगायचं तर दृष्ट लागावी अशी झाली आहे. काळा रंग, टाकीवर सोनेरी रेघ. ती रेघ श्रीपादनं पट्टी न लावता हातानं ओढली, एका दमात. इंदूनं हँडलला झेंडूची माळ घातली, चाकाखाली लिंबू ठेवलं. तिसऱ्या किकला निळा धूर निघाला आणि तो आवाज आला. अण्णा ड्यूटीवरून आले की गल्लीच्या तोंडाशी जो आवाज यायचा, तोच. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. धुरानं.

श्रीपादनं हँडल माझ्यापुढे केलं. "पहिली चक्कर तू मार, दादा."

"मले जमत नाही आता."

"काहून नाही जमत? तूच तर चालवत होता."

सगळे हसले. मीही हसलो, पण तो शब्द मी इथं जसाच्या तसा लिहून ठेवतो: तूच तर चालवत होता. शेवटी मीनल काकाच्या मागे बसली आणि ते बूढा तलावापर्यंत जाऊन आले.

३१ मार्च, शनिवार

आवक खिडकी माझ्या टेबलापासून बावीस पावलांवर आहे. सकाळी अकराला उठलो, पाणी पिऊन परत आलो. दोन वाजता लिफाफा खिशात घालून रांगेपर्यंत गेलो. पुढे दुर्गकडचा एक मास्तर होता, त्याचं भोपाळला घर होतं, त्याला तिकडे जायचं होतं. त्याचा कागद घेतला गेला, शिक्का बसला. माझी पाळी आली तेव्हा खिडकीतला म्हणाला, बोलिए बड़े बाबू. मी म्हटलं, काही नाही, टाचण्या आहेत का? त्यानं डबी दिली.

पाच वाजता खिडकी बंद झाली. टाचण्यांची डबी माझ्याकडेच राहिली.

मी काही खोटं केलेलं नाही. फक्त दिलं नाही. घर वाचवणं हा गुन्हा नाही. माझीही एक मुलगी आहे.

२ एप्रिल, सोमवार

जेवताना श्रीपादनं विचारलं, "दादा, ते दिलं ना?"

"दिलं."

"मग झालं," तो म्हणाला आणि इंदूकडे आणखी वरण मागितलं.

१८ मे, शुक्रवार

दीड महिना काही लिहिलं नाही, लिहिण्यासारखं घडलं नाही. तो घर, वाटणी, अण्णा, कशाबद्दलच बोलला नाही. मी वाट पाहून थकलो.

आज यादी लागली. नत्थूनं बातमी आणली, "जिनका अभ्यावेदन नहीं आया, सब वापस, बाबूजी." श्रीपादला पंचवीस तारखेला भोपाळला रुजू व्हायचं आहे, कायमचं.

तो माझ्या टेबलाशी आला, हातात आदेशाची झेरॉक्स. "माझं अभ्यावेदन पोहोचलंच नाही म्हणते हे लोक."

"सरकारी काम आहे," मी म्हटलं. "कुठंतरी हरवलं असंल."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी फरशीकडे पाहिलं. दवाखान्याच्या वेळची फरशी आहे, पांढरी, कडेला हिरवी पट्टी.

"असंल," तो म्हणाला.

२४ मे, गुरुवार

गेला. ऊन असं की स्टेशनावर बाकाला हात लावता येत नव्हता. मीनल माझ्याशी बोलत नाही. "आप मंत्रालय में हो, फिर भी कुछ नहीं किया," एवढं एकच वाक्य आठवडाभर. इंदूनं दशम्या आणि लोणचं दिलं आणि पदर डोळ्याला लावला.

श्रीपादनं वाकून नमस्कार केला. "गाडी रोज नाही तरी रविवारी चालू करत जा, दादा. उभी राहिली की बिघडते. कागद सीटखाली ठेवले आहे, टूल-बॉक्सात."

घर सुटलं एकदाचं, असं वाटायला पाहिजे होतं. रात्री जेवण गेलं नाही. एक शंका मात्र राहिली आहे. कागद टूल-बॉक्समध्ये का ठेवले, हातात का दिले नाहीत? त्यात नोटीस असेल. म्हणून अजून उघडलेलं नाही.

२७ मे, रविवार

सकाळी उघडलं.

प्लास्टिकच्या पिशवीत फाइल होती. आरसी बुक, अण्णांचा दाखला, पेन्सिलनं घासलेला चेसिस नंबर, आणि तो स्टॅम्प पेपर. आता पूर्ण वाचला. स्व. यशवंतराव के वारिस के नाते इस मोटर साइकिल पर अपना हक अपने बड़े भाई श्यामकांत के पक्ष में छोड़ता हूँ। मालक मेला की गाडी दुसऱ्याच्या नावावर करायला वारसाचं असं शपथपत्र लागतं. सरकारी माणूस असून मला हे सुचलं नाही. फॉर्मवर जिथं जिथं माझी सही पाहिजे तिथं तिथं त्यानं बारीक फुली केली आहे. एक नकाशाही आहे, शाईनं काढलेला: आमचं अंगण, आणि त्यात गाडीसाठी टिनाचं छप्पर. रुंदी त्यासाठी लागत होती.

पिशवीखाली फडक्यात काहीतरी गुंडाळलं होतं. उघडलं तर अण्णांचं माप. घासून चकचकीत केलेलं, मुठीला सुतळीनं चिठ्ठी बांधलेली.

"दादा, एका लिटरला एक माप. आता विसरू नको."

मी ओसरीच्या पायरीवर बसून राहिलो. मग स्टूल घेऊन माळ्यावर चढलो. इंदूनं विचारलं, काहून. ट्रंकेत मोजा होता, रिकामा, नीट घडी घातलेला.

त्यानं ते केव्हा घेतलं हे मला ठाऊक नाही. पण केव्हा पाहिलं हे ठाऊक आहे. खाली येऊन डायरीची पानं मागे उलटली. गाठीला दोन वेढे, माझ्याच अक्षरात, अकरा फेब्रुवारी. मनातल्या मनात ही गोष्ट त्याला सत्तावीस वर्षं ठाऊक असणार, त्यानं पेट्रोल भरलं नव्हतं तर दुसरं कोण होतं घरात? पण अकरा फेब्रुवारीला माप त्याच्या हातात आलं. पुरावाच. त्यानं तो पाहिला, परत मोज्यात घातला, गाठ मारली, आणि खाली येऊन माझ्याशी हसून बोलला.

आणि अभ्यावेदन त्यानं माझ्या हातात दिलं ते चार मार्चला. मी पुन्हा पुन्हा तारखा ताडून पाहिल्या. अकरा फेब्रुवारी आधी येते.

हे वाचून मला कसं होतं आहे ते लिहिता येत नाही. लाज वाटते, एवढंच बरोबर आहे.

दुपारी इंदूला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मले सांगून काय होते? ज्याले सांगायचं त्याले सांगा."

तीनदा पत्र लिहायला बसलो. "प्रिय श्रीपाद" च्या पुढे जात नाही. पत्रात माणूस स्वतःला सांभाळून लिहितो. इथं मी सांभाळलेलं नाही, कारण हे त्याच्याविरुद्ध लिहीत होतो. पुरावा म्हणून लिहिलं, तारखा आहेत, साक्षीदार आहेत, ड्रॉवरमधला लिफाफाही आता या पानात टाचला आहे, त्याच टाचण्यांनी. प्रकरण पूर्ण आहे. फक्त आरोपीचं नाव बदललं.

टाकीत पेट्रोल भरून आणलं आहे. दोन लिटर, दोन मापं, इंदूसमोर मोजून घातली. उद्या सकाळी याच गाडीवर मोठ्या पोस्टात जाणार आणि ही डायरी रजिस्टर पार्सलनं भोपाळला पाठवणार. ब्राउन पेपर काढून ठेवला आहे. पत्ता मीनलनं लिहून दिला.